एल्फिन्स्टन, पण कोणता?

जुलै २०१८ मध्ये पश्चिम रेल्वेच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकावरचे जुने फलक उतरले आणि प्रभादेवी हे नाव चढले. काळ्या घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे नाव मात्र तसेच राहिले. या नावावर आपल्याकडे वाद झाले की एक बाजू म्हणते, परक्या राज्यकर्त्याचे नाव कशाला मिरवायचे? दुसरी म्हणते, त्याने शाळा काढल्या, छापखान्यांना हात दिला, त्याचे उपकार विसरायचे का? दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि बहुतेक वेळा दोन वेगळ्या माणसांविषयी बोलत असतात. कॉलेज काकाच्या नावाचे, स्थानक पुतण्याच्या नावाचे. काका माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. पुतण्या जॉन, म्हणजे तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० या काळात त्याच खुर्चीवर बसला.

ही गफलत किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. आडनाव तेवढे धरून ठेवले की माणूस हातातून सुटतो. मग एकाने केलेले काम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते, एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी बसते आणि ज्याचा हिशेब खरोखर मांडायला हवा तो निसटतो. मुंबई आणि पुण्याच्या घडणीत इतका खोलवर शिरलेला इंग्रजी अमदानीतला दुसरा घराणेवजा शब्द शोधणे अवघड आहे. म्हणून या आडनावाची माणसे एकेक करून वेगळी काढून पाहणे मराठी वाचकाच्या कामाचे आहे.

मूळ स्कॉटलंडचे. एडिनबरोच्या पूर्वेला ईस्ट लोदियन परगण्यात एल्फिन्स्टन नावाचे गाव आहे, त्या जमिनीवरून कुळाला नाव मिळाले. या नावाचा पहिला मोठा माणूस तलवारीचा नव्हता, धर्मपीठावरचा होता. विल्यम एल्फिन्स्टन १४३१ साली ग्लासगोत जन्मला. वडील धर्मगुरू, त्यामुळे जन्म रीतसर विवाहाबाहेरचा. तरीही तो कायदा शिकला, ॲबर्डीनचा बिशप झाला आणि राजाचा चान्सलरही. १४९५ मध्ये पोपची सनद मिळवून त्याने ॲबर्डीनचे विद्यापीठ उभे केले. तिथे त्याने वैद्यकाच्या अध्यापकाची जागा निर्माण केली, त्या काळी ही दुर्मीळ गोष्ट होती. स्कॉटलंडमध्ये पहिला छापखाना सुरू व्हावा यामागेही त्याचा आग्रह होता. इंग्लंडशी लढाई ओढवून घेऊ नये असे त्याचे मत होते. राजा चौथ्या जेम्सने ते ऐकले नाही. १५१३ च्या सप्टेंबरात फ्लॉडनच्या रणात राजा पडला, आणि त्याच्यासोबत अलेक्झांडर, पहिला लॉर्ड एल्फिन्स्टन, हाही पडला. बिशप वर्षभराने गेला.

मधली अडीच शतके भराभर ओलांडली तरी चालतील. आपल्याशी संबंध येतो तो दहाव्या लॉर्ड एल्फिन्स्टनच्या मुलांपासून. थोरला मुलगा अकरावा लॉर्ड झाला. माउंटस्टुअर्ट हा त्याचा चौथा मुलगा. दहाव्या लॉर्डच्या आणखी दोन मुलांनी सातासमुद्रांपलीकडे नशीब काढले. विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक झाला आणि काही वेळा तिचा अध्यक्षही. जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन आरमारात गेला.

विल्यम फुलर्टनचे नाव कुठल्या रस्त्याला नाही, पण त्याच्यामुळेच पुढचे सगळे घडले. कंपनीच्या नोकऱ्या तेव्हा संचालकांच्या हातात असत. जवळच्या नातेवाइकाच्या मुलाला हिंदुस्थानात लेखनिक म्हणून पाठवायचे तर संचालकाची शिफारस पुरे. माउंटस्टुअर्ट १७९६ मध्ये सोळा वर्षांचा असताना कलकत्त्याला उतरला तो काकाच्या वशिल्यावर. परीक्षा नाही, स्पर्धा नाही. या आडनावाने दार उघडले, हे आधी स्पष्ट मान्य केले पाहिजे. त्याच दारातून पुढे कर्तबगारही आत आले आणि कुचकामीही.

आरमारातला काका, जॉर्ज कीथ, हा कर्तबगारांपैकी. १७९५ मध्ये केप ऑफ गुड होप डचांकडून घेण्याच्या मोहिमेत आरमाराचे नेतृत्व त्याच्याकडे होते. हिंदुस्थानच्या सागरी वाटेवरचा तो मोक्याचा नाका होता. पुढच्याच वर्षी त्याने साल्डान्याच्या उपसागरात डच ताफा न लढता शरण आणला. तो पुढे व्हायकाउंट कीथ झाला. त्याच्या हयातीतला सर्वांत विलक्षण दिवस म्हणजे ३१ जुलै १८१५. वॉटर्लूत हरलेला नेपोलियन बेलेरोफोन या ब्रिटिश जहाजावर प्लिमथच्या बंदरात होता. इंग्लंडात राहायला मिळेल अशी त्याला आशा होती. सेंट हेलेना बेटावर तुमची रवानगी होणार आहे, हे त्याला जाऊन सांगण्याचे काम लॉर्ड कीथच्या वाट्याला आले.

दोन वर्षांनी याच कीथच्या थोरल्या मुलीने, मार्गारेट मर्सर एल्फिन्स्टनने, लग्न केले ते शार्ल द फ्लाओशी. हा नेपोलियनच्या निकट गोटातला सरदार, वॉटर्लूत त्याचा एडीसी. वडिलांचा कडाडून विरोध होता, तिने जुमानला नाही. पुढे तिची मुलगी एमिली लॅन्सडाउन घराण्यात दिली गेली आणि एमिलीचा मुलगा, पाचवा मार्क्विस ऑफ लॅन्सडाउन, १८८८ मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांच्या काळातला व्हाइसरॉय तो हाच. म्हणजे एल्फिन्स्टन रक्त कलकत्त्याच्या सरकारी वाड्यात पोचले होते, पण आडनाव बदललेले असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही. आडनावावरून इतिहास वाचू गेले की सर्वांत आधी बायकांच्या बाजूचा सगळा वंश गळून पडतो, हे मार्गारेटच्या उदाहरणाइतके क्वचितच कुठे ठसठशीत दिसेल.

आता माउंटस्टुअर्ट. याच्याविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण महाराष्ट्राचा हिशेब मुख्यतः याच्याशी आहे.

१७९९ च्या जानेवारीत बनारसला अवधचा पदच्युत नवाब वजीर अली याच्या माणसांनी इंग्रज अधिकाऱ्यांची कत्तल केली, तेव्हा हा तरुण घोड्यावर बसून कसाबसा निसटला. १८०१ मध्ये तो पुण्याच्या रेसिडेंटाचा मदतनीस म्हणून आला. असईच्या लढाईत, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, तो आर्थर वेलस्लीच्या बाजूला होता. मग नागपूरला भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट, मग अफगाणांकडे वकिलात आणि १८११ पासून पुण्याचा रेसिडेंट. दिवसभर कारस्थाने, पत्रे, हेरांचे निरोप आणि उरल्या वेळात ग्रीक नि फारसी ग्रंथ, असा त्याचा क्रम होता. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातली बित्तंबातमी त्याच्याकडे पोचत असे. बाळाजीपंत नातूंसारखी माणसे त्याच्या कामी आली. १८१५ मध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, त्याचा धागा पेशव्याच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांकडे जातो असे धरून त्याने त्यांना ताब्यात घ्यायला लावले. ते ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले. जून १८१७ च्या पुणे तहाने त्याने पेशव्याच्या हातापायांत बेड्या ठोकल्या.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. पेशव्याच्या फौजेने मुळा-मुठेच्या संगमावरची रेसिडेन्सी पेटवली. माउंटस्टुअर्टने वर्षानुवर्षे जमवलेली पुस्तके, टिपणे, हस्तलिखिते त्या आगीत गेली. बारा दिवसांनी पुणे इंग्रजांच्या हाती आले आणि शनिवारवाड्यावर नातूंनी इंग्रजी निशाण चढवले.

ज्याने पेशवाई बुडवण्याच्या कामात सूत्रे हलवली, त्याच माणसाकडे पुढे जिंकलेल्या मुलखाची घडी बसवण्याचे काम आले. १८१९ चा त्याचा अहवाल आजही वाचावा असा आहे. गावाची पंचायत, पाटील-कुलकर्णी, वतने, न्यायाची चाल, सावकारी या सगळ्यांचे त्यात बारकाईने निरीक्षण आहे. जे चालते ते एकदम मोडू नये, असा त्याचा कल होता. साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवले गेले ते याच व्यवस्थेत. पुण्यात देवस्थाने आणि दक्षिणा चालू ठेवण्यामागे धोरण होते, दया नव्हती. ब्राह्मणवर्ग बिथरू नये हा हेतू होता. पण त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि तिचाच प्रवास पुढे डेक्कन कॉलेजपर्यंत झाला.

याच माणसाची दुसरी बाजू मात्र शाळेच्या भिंतीवर कधी लिहिली जात नाही. पेशवाई गेल्यानंतर पुण्यात इंग्रजांना मारण्याचा कट उघड झाला, तेव्हा माउंटस्टुअर्टने म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिले. मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर सर इव्हान नेपियन याने त्याला सुचवले की या कृत्याला कायद्याचे संरक्षण मागून घ्यावे. त्याने नकार दिला. केले ते बरोबर असेल तर माफीची गरज नाही, चूक असेल तर परिणाम भोगू, अशी त्याची भूमिका होती. पंचायतींविषयी आदराने लिहिणारा आणि खटला न चालवता माणसे उडवणारा, दोन्ही तोच.

मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर त्याने शिक्षणाला खरेच हात घातला. १८२२ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या शाळा-पुस्तक मंडळीला त्याने पाठबळ दिले, मराठी आणि गुजराती पुस्तकांची तजवीज केली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसची मराठी गणिताची पुस्तके या लाटेतली. मोल्सवर्थच्या कोशाचे काम याच्याच कारकिर्दीत सरकारी आश्रयाने सुरू झाले, तो कोश १८३१ मध्ये बाहेर आला. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा. साताऱ्यावर डफची नेमणूक माउंटस्टुअर्टने केलेली. १८२७ ची मुंबई इलाख्याची कायदेसंहिता त्याच्याच नावाने ओळखली जाते. जॉन ब्रिग्ज या लष्करी अधिकाऱ्याने सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. १८१९ मध्ये एल्फिन्स्टनच्या तंबूत त्याला छापील मराठी पुस्तकांचा ढीग दिसला. ही कशासाठी, असे त्याने विचारले. इथल्या लोकांना शिकवण्यासाठी, पण यातूनच आपली परत युरोपला जाण्याची वाट निघणार आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. शिकलेली माणसे आपले राज्य फार दिवस चालू देणार नाहीत हे कळूनही त्याने पुस्तके छापवली. या माणसाविषयी मनात आदर वाटतो तो इथे.

१८२७ मध्ये तो जायला निघाला तेव्हा मुंबईच्या नागरिकांनी वर्गणी काढली. दोन लाखांवर रुपये जमले. पुतळा तर झालाच, तो टाउन हॉलमध्ये आजही आहे. पण वर्गणीचा मुख्य पैसा अध्यापकांच्या नेमणुकीसाठी ठेवला गेला. त्यातून १८३४-३५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. बाळशास्त्री जांभेकर तिथे शिकवू लागले. दादाभाई नौरोजी तिथेच शिकले आणि १८५५ मध्ये गणिताचे प्राध्यापक झाले. न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे सारे तिथले. गोपाळ कृष्ण गोखले १८८४ मध्ये तिथून पदवीधर झाले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ मध्ये. संस्थेचे नाव साहेबाचे असेल, पण पैसा मुंबईकरांचा होता आणि कीर्ती या विद्यार्थ्यांनी मिळवली. माउंटस्टुअर्टने हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरलपद दोनदा नाकारले, १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला आणि १८५९ च्या नोव्हेंबरात सरे परगण्यात तो वारला. लग्न त्याने केले नव्हते.

आडनावावरून निकाल देणे किती घातक असते हे पाहायचे तर त्याच्या चुलतभावाची गोष्ट पाहावी.

१८०९ मध्ये माउंटस्टुअर्ट कंपनीचा वकील म्हणून पेशावरला शाह शुजाच्या दरबारी गेला होता. नेपोलियन इराणमार्गे हिंदुस्थानवर येईल या धास्तीतून ती वकिलात निघाली होती. तह झाला, पण थोड्याच दिवसांत शुजाचे तख्त गेले. माउंटस्टुअर्टला काबूल शहर पाहायलासुद्धा मिळाले नाही. तरी त्याने भेटतील त्या माणसांकडून माहिती घेतली, टोळ्या, वाटा, पिके, रीतीभाती टिपल्या आणि १८१५ मध्ये काबूलच्या राज्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. अफगाण माणूस बाहेरून आलेल्या धन्याला फार काळ सोसत नाही, हे त्याला त्या अभ्यासातून समजले होते.

तीस वर्षांनी कंपनी सरकारने त्याच शाह शुजाला पुन्हा गादीवर बसवायचे ठरवले. निवृत्त माउंटस्टुअर्टने पत्रातून सावध केले. कंदाहार घ्याल, काबूल घ्याल, शुजाला बसवालही, पण त्या गरीब, थंड, अवघड मुलखात त्याला टिकवून धरणे अशक्य आहे, असा त्याचा आशय. ऐकले कुणी नाही. १८४१ मध्ये काबूलच्या इंग्रजी फौजेचा सेनापती म्हणून गेला तो मेजर जनरल विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन. संचालक विल्यम फुलर्टनचा मुलगा, माउंटस्टुअर्टचा सख्खा चुलतभाऊ, आरमारवाल्या काकाचे नाव धारण करणारा. वॉटर्लूत त्याने ३३ व्या पलटणीचे नेतृत्व केले होते, पण त्याला आता पंचवीस वर्षे उलटली होती. संधिवाताने पाय धरले होते, घोड्यावर नीट बसवत नव्हते, निर्णय सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा.

२ नोव्हेंबर १८४१ ला काबूलात जमावाने इंग्रज अधिकारी अलेक्झांडर बर्न्सला ठार मारले. छावणी काही अंतरावर होती. तिथून वेळेवर मदत निघाली नाही. २३ डिसेंबरला राजकीय प्रतिनिधी मॅकनॉटन वाटाघाटीला गेला, तोही मारला गेला. ६ जानेवारी १८४२ ला बर्फात माघार सुरू झाली. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या घरात नोकरचाकर, बायका, मुले. सैनिकांतले बहुसंख्य हिंदी शिपाई. थंडीने बोटे गळाली, खिंडीच्या दोन्ही कड्यांवरून गोळ्या येत राहिल्या. सेनापती वाटाघाटीसाठी अफगाणांचा म्होरक्या अकबर खान याच्याकडे गेला आणि तिथेच अडकला. १३ जानेवारीला फौजेतला डॉ. ब्रायडन जखमी अवस्थेत जलालाबादच्या कोटापाशी पोचला. इतर काही जण कैदेत उरले, काही शिपाई पुढे जीव वाचवून परतले, पण फौज म्हणून फौज उरली नाही. सेनापती त्याच वर्षी एप्रिलमध्ये कैदेतच मेला.

एका एल्फिन्स्टनने जो देश समजून घेतला, त्याच देशात दुसऱ्या एल्फिन्स्टनने हजारो माणसे गमावली. आणि पन्नास वर्षांनी, १८९३ मध्ये, ड्युरँडची सीमारेषा आखली गेली ती मार्गारेट एल्फिन्स्टनच्या नातवाच्या, व्हाइसरॉय लॅन्सडाउनच्या अमलात. अफगाणिस्तान आणि आजचा पाकिस्तान यांच्यातले भांडण अजून त्या रेषेवर चालू आहे.

राहिला स्थानकवाला जॉन. माउंटस्टुअर्टच्या थोरल्या भावाचा मुलगा, जन्म १८०७. सहा वर्षांचा होण्याआधीच वडील वारले आणि तो लॉर्ड झाला. १८३७ ते १८४२ मद्रासचा गव्हर्नर, आणि १८५३ च्या डिसेंबरात मुंबईचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली तेव्हा तो इथे नव्हता. रेल्वेच्या स्थानकाला त्याचे नाव असल्यामुळे तो मान अनेकदा त्याला चिकटवला जातो. विहार तलावाचे पाणी मुंबईला आणण्याचे काम त्याच्या काळात झाले. माथेरानचे थंड हवेचे ठिकाण त्याने वाढवले. किल्ल्यातल्या जुन्या कापूस-मैदानावर इमारतींची गोलाकार रचना करण्याच्या कल्पनेला त्याचा पाठिंबा मिळाला. ती जागा एल्फिन्स्टन सर्कल झाली आणि स्वातंत्र्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. एका इंग्रजाचे नाव काढून दुसऱ्या इंग्रजाचे दिले गेले, कारण हॉर्निमन कोण होते, त्यांनी हिंदुस्थानच्या बाजूने काय सोसले, हे मुंबईला ठाऊक होते. माणूस पाहून नाव ठरवले तर असा निर्णय होतो.

जॉनची खरी परीक्षा १८५७ ने घेतली. १८ जुलै १८५७ ला मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला आणि गव्हर्नर या नात्याने तो पहिला कुलपती ठरला. तीन महिन्यांनी, १५ ऑक्टोबरला, आज ज्याचा भाग आझाद मैदान म्हणून ओळखला जातो त्या एस्प्लनेडवर सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना बंडाच्या आरोपावरून तोफेच्या तोंडी बांधून उडवण्यात आले. शहरातले लोक बघायला उभे होते. पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेटने कट हुडकला, शिक्षा लष्करी न्यायालयाची, पण राज्य जॉनचे होते. उत्तरेकडे इंग्रज अडचणीत असताना मुंबईची फौज कमी करून ती तिकडे धाडण्याचा धोका त्याने पत्करला. झाशीवर चालून गेलेल्या ह्यू रोजच्या फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. इंग्रज सरकारने या कामगिरीबद्दल त्याची वाहवा केली. ज्या मराठी मुलखाने त्या वर्षी कोल्हापूर, सातारा इथे फाशीचे दोर पाहिले, त्याने ही वाहवा त्याच नजरेने पाहायचे काही कारण नाही. १८६० च्या मेमध्ये तो मुंबईहून गेला आणि जुलैत लंडनला वारला. हाही अविवाहित.

काका-पुतण्या दोघांचे पुतळे मुंबईच्या टाउन हॉलमध्येच आहेत. दोघांच्या नावापुढे विद्या आहे आणि दोघांच्या नावापुढे तोफही आहे. म्हणून ‘एल्फिन्स्टन चांगला की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. माउंटस्टुअर्टच्या पारड्यात मराठी पुस्तके, पाठशाळा, पंचायतींवरचा अहवाल आणि पुण्यातल्या तोफा, हे सगळे एकत्र ठेवावे लागेल. जॉनच्या पारड्यात विहारचे पाणी, विद्यापीठ आणि एस्प्लनेडवरच्या तोफा. काबूलच्या विल्यमकडे ठेवायला दुसऱ्या बाजूला वॉटर्लूशिवाय फारसे नाही. त्यांच्यापैकी एकाचेही वजन दुसऱ्याच्या पारड्यात टाकता येत नाही.

कुणी म्हणेल, सगळेच साम्राज्याचे चाकर, इतकी निवड करायची कशाला? उत्तर असे की, निवड केली नाही तर साम्राज्य कसे चालले हेच कळत नाही. ते एका सरसकट दुष्टाने चालवले नाही. वशिल्याने आलेल्या माणसांनी ते चालवले. त्यांतले काही विलक्षण बुद्धिमान होते, काही निकामी, काही हुशारही आणि निर्दयही. त्यांच्यातला फरक कळला तरच आपल्याकडच्या माणसांनी, म्हणजे जांभेकरांनी, नाना शंकरशेटांनी, दादाभाईंनी, मिळालेल्या फटीतून किती शहाणपणाने वाट काढली ते दिसते. सगळ्या साहेबांना एकाच आडनावात कोंबले की आपली माणसेही धूसर होतात.

स्थानकाला प्रभादेवी हे नाव दिले गेले यात काही वावगे नाही. ते तिथल्या देवीचे, तिथल्या वस्तीचे नाव आहे आणि जॉनने त्या वस्तीसाठी वेगळे काही केल्याची नोंद नाही. पण नाव बदलण्याच्या आदल्याच वर्षी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, त्याच स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले होते. एल्फिन्स्टन म्हटले की आजच्या तरुण मुंबईकराला आधी ती दुर्घटना आठवते, हे स्वाभाविक आहे. नावांच्या वादात शिरण्याआधी नावाखालच्या जागेची काळजी घेणे हा राज्यकर्त्यांचा धर्म, तो गव्हर्नरांनाही लागू होता आणि आजच्या मंत्र्यांनाही लागू आहे.

जिथे हे नाव उरले आहे तिथे निदान ते पूर्ण लिहावे. टाउन हॉलमधल्या दोन्ही पुतळ्यांपाशी आणि कॉलेजच्या दारात मराठीतून ठळकपणे लिहावे: हा कोण, कोणत्या साली इथे होता, त्याने काय उभारले आणि कुणाला मारले. हॉर्निमन सर्कलमध्ये जुने नाव कुणाचे होते ते सांगावे. शालेय पुस्तकांत ‘एल्फिन्स्टन’ असे मोघम न छापता माउंटस्टुअर्ट किंवा जॉन असे छापावे. मुलांना दोन नावे लक्षात ठेवणे जड जात नाही. निंबाळकर, घोरपडे, पटवर्धन या घराण्यांतल्या माणसांची सरमिसळ होऊ नये म्हणून आपण पहिले नाव घेतोच की.

२०२७ मध्ये माउंटस्टुअर्टने मुंबई सोडल्याला आणि मुंबईकरांनी ती वर्गणी काढल्याला दोनशे वर्षे होतील. एल्फिन्स्टन कॉलेज, मुंबई विद्यापीठ आणि एशियाटिक सोसायटी यांनी त्या निमित्ताने त्याचा १८१९ चा अहवाल आणि शिक्षणावरची टिपणे चांगल्या मराठीत, परवडेल अशा किमतीत वाचकांपुढे आणावीत आणि सोबत त्या वर्गणीदारांची नावेही छापावीत. काम सुरू करायचे तर आताच करायला हवे.